संघ जोखताना आधी प्रशिक्षकाकडे बघ

अमेरिकेतलं महिला कॉलेज बास्केटबॉल तू नुकतंच बघायला लागली आहेस, म्हणून सांगते: एका हंगामाच्या हार-जितीवरून कुठल्याही संघाबद्दल मत बनवू नकोस. आधी प्रशिक्षक तिथे किती वर्षं आहे ते बघ. जीनो ऑरिएमा 1985 साली कनेक्टिकट विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले. पहिला हंगाम 12 विजय आणि 15 पराभवांचा! पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते 1995 मध्ये. डॉन स्टेली 2008 मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आल्या, तेव्हा पहिल्या हंगामात 10 विजय, 18 पराभव. विजेतेपद 2017 ला. मधल्या काळात विद्यापीठाने धीर सोडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझ्या मते सगळ्यात मोठं श्रेय या धीराचंच.

मग खेळाडूंची निवड. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद) चांगली खेळाडू सहज दुसरीकडे जाऊ शकते, त्यामुळे मुली आणण्याइतकंच त्यांना टिकवणं अवघड झालंय. टेनेसी विद्यापीठात प्रशिक्षक पॅट समिट यांच्याकडे, कॉलेज संघात खेळायला मिळतात ती सगळी वर्षं खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. पालक हे बघतात बरं का.

पैसा, सोयी, भरलेलं स्टेडियम हेही लागतंच.

पुढचा सामना बघताना पाच मिनिटं चेंडूकडे बघूच नकोस. बचावात स्क्रीन (प्रतिस्पर्धी खेळाडूने उभं राहून वाट अडवणं) येतेय हे ओरडून कोण सांगतेय, सहकारी चुकली की तिच्या जागी कोण धावतेय आणि राखीव खेळाडू उतरल्यावर ही शिस्त ढासळते का, एवढंच टिपून ठेव.