दहाव्या आठवड्यात गर्भाचे ठोके थांबले. पत्नीवर कोणते उपचार करावेत आणि घरात काय सांगावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही औसा तालुक्यातील आहात, लग्नाला दोन वर्षे झाली आहेत आणि पत्नीचे हे पहिलेच गरोदरपण होते. पाळी नियमित होती, त्या हिशेबाने दहा आठवडे झाले असताना अंगावर लाल जाऊ लागले. सोनोग्राफीत गर्भाची लांबी 14 मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ आठवड्यांएवढी दिसली आणि ठोके नव्हते. डॉक्टर पिशवी साफ करा म्हणतात, आई म्हणते की चार दिवस आधी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मोटारसायकलवर बसवून शेतात नेल्यामुळे हे झाले आणि पत्नी कोणाशीच बोलत नाही. पिशवी साफ करणे टाळता येईल का, त्याने पुढे मूल राहायला अडचण येईल का आणि घरात काय सांगावे, हे तुमचे प्रश्न आहेत. मी मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात अनेक वर्षे परिचारिका होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. मात्र त्यांना काय विचारायचे आणि घरी काय पाहायचे, एवढे मी निश्चित सांगू शकते.

आधी आईंच्या बोलण्याविषयी, कारण त्याचे उत्तर तुमच्या हातातील अहवालातच आहे. पाळीप्रमाणे दहा आठवडे आणि गर्भ पावणेआठ आठवड्यांचा, याचा अर्थ गर्भाची वाढ दोन आठवड्यांहून अधिक काळापूर्वी थांबली होती. येळवस त्यानंतर आली. ज्या दिवशी पत्नी शेतातल्या कोपीपाशी बसून भज्जी आणि आंबील खात होती, त्या दिवशी गर्भ आधीच गेलेला होता आणि ते तिला, तुम्हाला किंवा आईंना कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. रक्तस्राव उशिरा सुरू होतो, म्हणून त्याच्या आधीच्या दोन-चार दिवसांत जे काही घडले असेल त्यावर घरातले लोक बोट ठेवतात. कधी पपई, कधी जड घागर, कधी रस्त्यातले खड्डे. लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण दहा ते वीस अशा रीतीने संपतात, त्यातली बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि अशा लवकरच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या किंवा रचना सुरुवातीपासूनच बिघडलेली असते. ते वागण्यातून होत नाही आणि विश्रांतीने थांबत नाही. अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा विकार, वाढलेले वय, तंबाखू या गोष्टी मात्र धोका खरोखर वाढवतात. घरात मिश्री लावण्याची सवय असेल तर पुढच्या वेळेसाठी ती सोडवणे हे मोटारसायकल बंद करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

आता उपचार. गर्भाची लांबी 7 मिलिमीटर किंवा अधिक असूनही आतून, म्हणजे योनीमार्गातून, केलेल्या सोनोग्राफीत ठोके नसतील, तर गर्भ गेला असे मानले जाते. तुमच्या अहवालातील आकडा त्याच्या दुप्पट आहे. तरीही मन मानत नसेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करून घेण्यात काहीच गैर नाही, आणि रक्तस्राव आटोक्यात असताना तेवढे थांबल्याने सहसा नुकसानही होत नाही. यापुढे तीन मार्ग असतात. शरीर आपोआप पिशवी रिकामी करील याची वाट पाहणे हा पहिला. त्याला कधी दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दुसरा गोळ्यांचा, ज्यात काही तासांत कळा येऊन पाळीपेक्षा बराच जास्त स्राव होतो आणि काही स्त्रियांना नंतर पिशवी साफ करावी लागतेच. तिसरा पिशवी साफ करण्याचा. पहिल्या दोन मार्गांसाठी एक अट मी स्वतःहून घालते: रात्री दोन वाजता रक्तस्राव वाढला तर तासाभरात जिथे रक्त देण्याची सोय आहे अशा दवाखान्यात पोहोचता आले पाहिजे. गाव आडवळणी असेल, घरात गाडी नसेल आणि तुम्ही कामासाठी बाहेरगावी असाल, तर घरी वाट पाहणे मला पटत नाही. गोळ्या मात्र औषध दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणि त्यांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

पिशवी साफ करण्याचे ठरले तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की ते सक्शनने, म्हणजे नळीने ओढून घेणार आहेत की जुन्या पद्धतीने खरवडून क्युरेटिंग करणार आहेत. जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याऐवजी सक्शनचीच शिफारस करते. नीट केलेल्या एका सक्शनने पुढे मूल राहण्यात सहसा अडथळा येत नाही. पिशवीला आतून चिकटपणा येण्याची भीती वारंवार खरवडण्यात जास्त असते. संमतीपत्रावर सही तिची हवी. तिला वाचून दाखवले का, तिला समजले का, हे पाहणे तुमचे काम.

पत्नीचा रक्तगट आजच पाहून ठेवा. तो निगेटिव्ह असेल आणि तुमचा पॉझिटिव्ह, तर पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन लागेल का हे विचारून घ्या, कारण ते द्यायचे असल्यास 72 तासांच्या आत दिलेले बरे आणि गर्दीच्या दवाखान्यात हीच गोष्ट राहून जाऊ शकते. हिमोग्लोबिनही तपासा. आपल्याकडे निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असते, त्यामुळे एरवी सोसला गेला असता तेवढा रक्तस्रावही अशा स्त्रीला झेपत नाही.

पुढचे वाक्य घरातल्या सगळ्यांना ऐकवून ठेवा: तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील आणि असे सलग दोन तास चालले असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला असेल, स्रावाला घाण वास येत असेल किंवा पोटातील कळ औषधानेही थांबत नसेल, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालय गाठायचे. त्या वेळी उतारा किंवा देवऋषी यांत एक तासही घालवू नये. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते नंतर करावे, माझी हरकत नाही.

कागदपत्रांविषयी थोडे विषयांतर वाटेल, पण ते आवश्यक आहे. 2012 मध्ये परळीचे बेकायदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आल्यापासून आपल्या भागात गर्भपात म्हटले की चौकशीची धास्ती असते आणि काही कुटुंबे त्या भीतीने दवाखान्यात जाणेच टाळतात. आपोआप झालेल्या गर्भपातावर उपचार घेणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. ठोके नसल्याचा सोनोग्राफीचा अहवाल, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत जपून ठेवा आणि कार्डावर गर्भ आपोआप गेल्याची नोंद आहे ना, हे घरी निघण्यापूर्वी वाचून घ्या. पत्नी नोकरीत असेल तर हेच कागद रजेसाठी लागतात: 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. शेतमजुरी करणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ही रजा प्रत्यक्षात मिळत नाही. तिथे खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जातात. ती विश्रांती मग नवऱ्यानेच मुकादमाशी बोलून मिळवून द्यावी लागते.

उपचारानंतर दहा-पंधरा दिवस कमी होत जाणारा स्राव दिसेल. तो थांबेपर्यंत शरीरसंबंध टाळा. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्याव्यात. तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करा, ती निगेटिव्ह यायला हवी. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पण बीज त्याआधीच, अगदी दोन आठवड्यांतही बाहेर पडू शकते. लगेच दिवस राहू नयेत असे वाटत असेल तर साधन पहिल्यापासून वापरा.

आता पत्नीच्या न बोलण्याविषयी. शासकीय रुग्णालयांच्या स्त्रियांच्या कक्षात पुरुषांना सहसा आत सोडत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी गर्भ गेलेल्या बाईची खाट बाळंतिणींच्या शेजारीच असते. आमच्या रुग्णालयात एक तरुण नवरा मागच्या नळावर बायकोचे रक्ताने भरलेले लुगडे धूत बसला होता. सासू त्याच्यावर ओरडली की हे पुरुषाचे काम आहे का; तो काही बोलला नाही, लुगडे पिळून त्याने कुंपणावर वाळत घातले आणि पुन्हा कक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला. ती बाई दुसऱ्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती त्याच्याबद्दलच: त्यांनी जेवण केले का, म्हणून. समजुतीची वाक्ये त्याने काही म्हटली असतील असे मला वाटत नाही. तुम्हीही ‘अजून वय आहे’, ‘पुढच्या वर्षी होईल’ असे म्हणू नका. तिच्या लेखी हे मूल होते आणि त्याच्या जागी दुसरे आणून दाखवण्याची घाई तिला बोचते. तिच्यासमोर तुम्हाला रडू आले तर येऊ द्या. ती बोलेल तेव्हा ऐका, नाही बोलली तर जवळ बसा. नात्यातल्या डोहाळे जेवणाला किंवा बारशाला तिने जायचे की नाही हे तिलाच ठरवू द्या, आणि अपशकुनाच्या नावाखाली कोणी तिला बोलावणे टाळत असेल तर तिथे तुम्हीही जाऊ नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप आणि जेवण सुधारत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे ती एकदाही म्हणाली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

पुन्हा प्रयत्न कधी करावा याबद्दल, जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला होता, पण नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिल्याने धोका वाढल्याचे दिसले नाही. एखादी पाळी येऊन जाऊ द्यावी, हिमोग्लोबिन सुधारावे आणि तिचे मन तयार असावे, एवढे पुरेसे आहे. फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करा. एका गर्भपातानंतर हजारो रुपयांच्या तपासण्यांची गरज नसते; दोन किंवा अधिक झाले तर कारण शोधतात, आणि तेव्हाही आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी टॉर्च तपासणी, म्हणजे काही ठरावीक संसर्गांसाठीची रक्ततपासणी, फारशी उपयोगी ठरत नाही. आशाताईंना झालेली घटना सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नोंदणी लवकर होईल आणि मातृवंदना योजनेचा लाभही या गर्भपातामुळे बुडणार नाही.

आईंना तुम्ही समजावू नका. मुलाने सुनेची बाजू घेतली एवढेच त्यांना ऐकू जाईल. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा, अहवाल टेबलावर ठेवा आणि डॉक्टरांना सांगा की गर्भ कोणत्या आठवड्यात थांबला आणि येळवशीच्या प्रवासाशी त्याचा संबंध आहे का, हे आईंना सांगा. पत्नीही त्या वेळी तिथेच बसलेली असावी.