घोळणा फुटतोय, पण एकाच नाकपुडीतून

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही जिंतूर तालुक्यातले. माझं लेकरू १५ वर्षांचं आहे, दिवाळीपासून त्याचा घोळणा फुटायलाय. सासूबाई म्हणल्या उष्णता आहे, कांदा हुंगवला, डोक्यावर गार पाणी मारलं, तेवढ्यापुरतं थांबतं. पण रक्त कायम डाव्या बाजूनंच येतं, ती नाकपुडी बंदच असते अन् रात्री लई घोरायलाय. तालुक्याला एक डॉक्टर म्हणले मांस वाढलंय, तुकडा काढून तपासायला पाठवू. परभणीला सीटी काढला तर त्यात अँजिओफायब्रोमा लिहिलंय, कवटीच्या तळापर्यंत गेलंय म्हणे. कॅन्सर आहे का? तुकडा काढू द्यावा का?
– एक आई

उत्तर : ताई, आधी तुकड्याचं सांगते, अजिबात काढू देऊ नका. ही गाठ म्हणजे नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता असतो आणि त्या वाहिन्यांना नेहमीसारखा स्नायूचा थर नसतो, त्यामुळे कापल्यावर त्या आकसत नाहीत, रक्त वाहतच राहतं. ओपीडीच्या खुर्चीत बसवून चिमटा लावला तर ते थांबवणं कुणाच्याच हातात राहत नाही. आणि तुकड्याची गरजही नसते. वयात येणारा मुलगा, एकच नाकपुडी बंद, त्याच बाजूनं रक्त, एवढ्यावरच आमचा संशय तिकडं जातो (मुलींमध्ये हा आजार जवळपास दिसतच नाही), पुढचं काम कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध, ज्यानं रक्तवाहिन्या उठून दिसतात) देऊन काढलेला सीटी आणि एमआरआय करतात. सीटीत गालाच्या सायनसची मागची भिंत पुढं ढकललेली दिसली की बहुतेक वेळा निदान झालंच म्हणून समजा.

कॅन्सर नाही. दुसऱ्या अवयवात जात नाही. पण आहे तिथं पसरते, हाड दाबत, झिजवत गालात, डोळ्याच्या खोबणीत, कवटीच्या तळाकडं सरकते, म्हणून "साधी गाठ आहे, बघू उन्हाळ्यानंतर" असं करू नका. कवटीत शिरली तरी बहुतेकदा मेंदूच्या आवरणाच्या बाहेरच राहते, त्यामुळे मेंदूचं ऑपरेशन या शब्दानं लगेच घाबरू नका.

ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी एम्बोलायझेशन करतात, म्हणजे जांघेतून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद करतात. मग दुर्बिणीनं नाकातूनच गाठ काढतात, बऱ्याच मुलांना चेहऱ्यावर कापायची वेळ येत नाही. तरी रक्ताच्या बाटल्या तयार ठेवाव्याच लागतात, म्हणून रक्तगट माहीत असलेले दोन-चार नातेवाईक सोबत न्या. कान-नाक-घसा, न्यूरोसर्जन आणि नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट एकाच छताखाली असतील तिथंच जा. संभाजीनगरला घाटीत (सरकारी दवाखान्यात) दाखवा, तिथून पुढं पाठवलं तर देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबई होते. रेशन कार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले योजनेत एम्बोलायझेशनचा खर्च बसतो का ते ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा, नंतर बिलावरून भांडण्यात अर्थ नसतो.

तोपर्यंत रक्त आलं तर डोकं मागं टाकू नका, सगळे हेच करतात आणि रक्त घशात जातं. पुढं वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबून धरा, मधे मधे सोडून बघू नका. कांद्यानं काही होत नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ऑपरेशननंतर गाठ परत येऊ शकते, बहुधा हाडाच्या सांदीत राहिलेल्या तुकड्यातून, म्हणून पुढची काही वर्षं सांगतील तेव्हा एमआरआय करायचाच.

प्रश्न : माझी बहीण २२ वर्षांची, लातूरला शिकते. तिला एकाचे दोन दिसायचे, दोनदा चष्मा बदलला. आता एमआरआयमध्ये क्लायव्हसची गाठ, कॉर्डोमा किंवा काँड्रोसार्कोमा असं आलंय. ऑपरेशन करून परत शेक (रेडिएशन) कशाला देतात?

उत्तर : क्लायव्हस म्हणजे कवटीच्या तळाचं, मेंदूच्या देठासमोरचं हाड. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस त्याला लागूनच जाते, ती दबली की डोळा आत ओढला जातो आणि दोन दिसतं, चष्म्यानं ते कसं जाणार. गर्भात पाठकणा तयार होताना असलेल्या नोटोकॉर्डचे अवशेष राहतात, त्यातून कॉर्डोमा होतो, वर्षाला १० लाखांत साधारण एखाद्याला. दोन्ही गाठी एमआरआयवर सारख्याच दिसतात, इथं मात्र तुकडा तपासावाच लागतो (वरच्या ताईंना सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट), आणि त्यावर ब्रॅक्युरी टेस्ट झालीय का ते विचारा, ती कॉर्डोमात पॉझिटिव्ह येते. फरक महत्त्वाचा आहे कारण काँड्रोसार्कोमा सहसा जास्त चांगला आटोक्यात येतो.

शेक यासाठी की गाठीच्या मागं मेंदूचा देठ आणि बाजूला मानेतून येणाऱ्या मोठ्या धमन्या, सगळं खरवडून काढता येतंच असं नाही. उरलेल्याला डोस जबर लागतो, प्रोटॉन म्हणजे शेकाचाच एक प्रकार, त्याचा फायदा असा की तो ठरलेल्या खोलीवर थांबतो, पलीकडच्या भागाला फारसा बसत नाही. ही सोय खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आणि चेन्नईला आहे. पहिलंच ऑपरेशन जास्तीत जास्त गाठ काढायची खरी संधी असते, म्हणून असल्या केसेस नेहमी करणाऱ्या टीमकडंच जा, आणि जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी घ्या, तुकडा आधी काढला असेल तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या.