मका खा, पण ताटात त्याला एकटं ठेवू नका

तुमचा प्रश्न असा आहे: घरी सासूबाईंना मधुमेह, तुम्हाला गहू सोडायचाय, म्हणून दोन्ही वेळा मक्याचीच भाकरी सुरू करावी का? आणि मैत्रीण म्हणते की मका म्हणजे विष, अमेरिकेचं वाटोळं त्यानंच केलं. मी बरीच वर्षं अन्नशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मका विष नाही. पण 'दोन्ही वेळा मक्याचीच' यातल्या त्या 'च'ची मला काळजी वाटते.

मेक्सिकोत मका हजारो वर्षं मुख्य अन्न आहे. तिथल्या बायका दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, वाटतात आणि त्या पिठाच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, थापतात. चुन्यामुळे साल सुटते, पीठ चिकट होतं आणि कॅल्शियमही मिळतं. पण खरं मोलाचं काम वेगळंच होतं. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, असं जखडलेलं असतं की ते आपल्या आतड्याला सोडवता येत नाही. चुना ते मोकळं करतो.

स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुन्याची रीत मात्र मागेच राहिली. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांमधला एक नवाच रोग नोंदवला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल-काळे चट्टे, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा. पुढे जुलाब, मग बुद्धिभ्रम, शेवटी मृत्यू. इटलीत पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीवर, जगणाऱ्यांमध्ये तो इतका पसरला की त्याला तिथलंच नाव मिळालं: पेलाग्रा, खरखरीत कातडी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लाखोंना झाला. तिथल्या गरिबांचं जेवण म्हणजे मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. त्यातच नव्या गिरण्या पीठ टिकावं म्हणून दाण्याचा अंकुरच काढून टाकू लागल्या. सगळ्यांना वाटायचं, रोग संसर्गजन्य आहे. १९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली: अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रोग्यांना पेलाग्रा होतो, त्यांची सेवा करणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्ग असा माणूस बघून येत नाही. त्यांनी अनाथाश्रमाच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि कडधान्यं वाढवली आणि रोग हटला. मग १९१५ मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगात, शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना नुसतं पिठूळ जेवण दिलं. ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. तरी लोक मानेनात, तेव्हा गोल्डबर्गर, त्यांची पत्नी आणि सहकाऱ्यांनी रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. कुणालाही काही झालं नाही. ते १९२९ मध्ये वारले. कमी पडणारा घटक नायसिन आहे हे १९३७ मध्ये कळलं. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा, कारण एवढी माणसं गेली ती केवळ वाटीभर डाळ-दूध न मिळाल्याने.

आपल्याकडे हे होत नाही असं समजू नका. दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांमध्ये पेलाग्रा दिसायचा. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर काम केलं आणि ज्वारीतल्या जादा ल्युसीनकडे, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकाकडे, बोट दाखवलं. म्हणजे दोष एकट्या मक्याचा नाही. एकाच धान्यावर भागवावं लागतं तेव्हा घात होतो.

म्हणून तुमच्यासाठी: मक्याची भाकरी खुशाल करा, आठवड्यातून दोन-चार वेळा, ज्वारी-बाजरी-नाचणीच्या पाळीत. सोबत उडदाची किंवा तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, दही किंवा अंडं हवंच. एवढं असेल तर घरी चुन्याचा खटाटोप करायची गरज नाही. आणि गहू सोडायला डॉक्टरांनी सांगितलं नसेल, तर मुळात सोडायचं कारण काय, हेही एकदा विचारून घ्या.

सासूबाईंना उकडलेलं मध्यम कणीस चालेल, पण ते भाकरी-भाताच्या जागी धरा, त्यांच्या जोडीला नाही. त्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात. कॉर्नफ्लेक्स मात्र त्यांना नकोत. त्यात अंकुर आणि कोंडा दोन्ही गेलेले असतात आणि साखर झपाट्याने चढते. उकडलेल्या मक्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप, पन्नाशीच्या आसपास, तर कॉर्नफ्लेक्सचा ८० च्या घरात. दुकानातला पांढरा कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ स्टार्च, त्याला मक्याचं पीठ समजू नका.

मैत्रिणीला बहुधा मक्यापासून केलेलं फ्रुक्टोजचं सिरप म्हणायचं असावं. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास मोठ्या शीतपेयांत साखरेऐवजी ते आलं. पण त्यातलं फ्रुक्टोजचं प्रमाण उसाच्या साखरेपेक्षा फार वेगळं नाही. बाटलीभर गोड पाणी वाईटच, मग ते उसाचं असो की मक्याचं.

आता एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. १९७४ च्या पावसाळ्याअखेरीस राजस्थानातल्या बांसवाड्यात आणि गुजरातच्या पंचमहालात कणसं भिजली, बुरशी लागली. गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, १०० हून जास्त माणसं दगावली. त्यांच्याच ताटातलं खाणारी कुत्रीही मेली. बुरशीचं ते विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवून किंवा भाजून जात नाही. धुळे-नंदुरबारकडून तुमच्याकडे घरचा मका येतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते: दाणे दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा, पोती जमिनीवर न टेकवता फळीवर ठेवा, आणि हिरवट-काळसर किंवा कुबट वासाचे दाणे निवडून बाजूला काढून तेवढ्यावर भागवू नका. ते पोतं दळायला नेऊच नका, आणि कोंबड्यांनाही घालू नका.