शेवटचा फर्मा नसलेलं पुस्तक

या महिन्याच्या टपालात चार पत्रं खून, पिस्तुलं आणि पावसाळी रात्रींची निघाली. चाळीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. दुसऱ्याच्या चुका हुडकण्यावरच पोट भरलं, त्यामुळे गुप्तहेर मंडळींशी माझं पहिल्यापासून जमतं. संपादकांनी हा गठ्ठा न विचारता माझ्याकडे सरकवला तो त्यामुळेच.

प्रश्न : जुन्या अमेरिकन 'पल्प' म्हणजे स्वस्त मासिकांतल्या गुन्हेकथांचा मला नाद आहे. पण महिन्याभरापूर्वी वाचलेल्या कादंबरीत खून कुणी केला, हे मला आज सांगता येत नाही. तरी तीच परत वाचावीशी वाटते. माझी स्मरणशक्ती गेली, की या पुस्तकांतच दम नाही? आणि दम नसेल, तर सिनेमावाले आणि गेमवाले अजून तिथेच का घुटमळतात?

स्मरणशक्ती ठणठणीत आहे, काळजी नको. माझंच सांगतो. रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप' ही 1939 सालची कादंबरी मला पहिल्यांदा मिळाली ती रद्दीच्या गठ्ठ्यात, आणि तिचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा जुडगा, गळालेला होता. सोळा पानं गायब. रहस्यकथेची, आणि तीही शेवटची! तरी ते पुस्तक मी तीनदा वाचलं. म्हातारा जनरल ऑर्किडच्या काचघरात चाकांच्या खुर्चीवर बसलाय, आतल्या दमट उकाड्यात गुप्तहेर घामाने निथळतोय. जनरलला स्वतःला दारू मना आहे, म्हणून तो पाहुण्याला ब्रँडी प्यायला लावतो आणि त्याच्याकडे बघून समाधान मानतो. हा प्रसंग मला जवळजवळ पाठ होता. बऱ्याच वर्षांनी धड प्रत मिळाली, शेवट वाचला. चांगला आहे शेवट. पण झोपण्यापूर्वी मी पान उघडलं ते काचघराचंच.

पुढे चँडलरने 1950 साली आपल्या कथांना लिहिलेली प्रस्तावना हाती लागली आणि मला हसूच आलं. 'ब्लॅक मास्क' मासिकात लिहिणाऱ्या मंडळींची समजूत तो तिथे सांगतो. कथानकापेक्षा प्रसंग मोठा. चांगले प्रसंग घडवतं ते चांगलं कथानक. आणि शेवट हरवला असला तरी जी वाचावीशी वाटेल, ती आदर्श रहस्यकथा. म्हणजे माझी फाटकी प्रत सदोष नव्हतीच म्हणायची.

याच कादंबरीवर हॉवर्ड हॉक्स सिनेमा करत होता (तो पडद्यावर आला 1946 साली), तेव्हा सेटवर प्रश्न निघाला की पाण्यात बुडालेल्या गाडीतल्या त्या ड्रायव्हरला मारलं कुणी? की त्याने स्वतःच जीव दिला? शेवटी लेखकालाच तार केली. चँडलरने नंतर एका पत्रात कबूल केलं की त्यालाही ठाऊक नव्हतं! यात अवघड काही नाही. त्याने ही कादंबरी मुख्यतः आपल्याच दोन जुन्या मासिककथा उसवून, जोडून शिवली होती. नीट पाहिलं तर टाके दिसतात. माझ्यासारख्याला ते फार दिसतात. प्रेक्षकांना मात्र त्या ड्रायव्हरवाचून काही अडलं नाही.

ही रीत पडली ती धंद्यामुळे. स्वस्त मासिकांची चळत लागलेली, गिऱ्हाईक उभ्या उभ्या पानं चाळणार, पहिल्या परिच्छेदात धरला नाही तर शेजारचं मासिक उचलणार. चँडलरला एका तेल कंपनीने काढून टाकलं होतं. पंचेचाळिशीत त्याने पहिली गुन्हेकथा लिहिली, पाच महिने खपून. अठरा हजार शब्द, मोबदला 180 डॉलर. भागाकार तुम्हीच करा, शब्दाला एक सेंट पडतो. अशा बाजारात उत्तराची वाट बघत दोनशे पानं थांबा, असं वाचकाला सांगायची सोय नसते. प्रत्येक पानाने आपापली कमाई करायची. गाडी अडली की पिस्तूल घेतलेला माणूस दारातून आत आणायचा, हा प्रसिद्ध तोडगाही त्याच प्रस्तावनेतला. लोक तो लेखनाचा मंत्र म्हणून सांगतात. चँडलर मात्र तो सांगतो ते सतत काहीतरी घडत राहण्याच्या त्या सक्तीला हसत हसत.

आता सिनेमावाल्यांकडे येऊ. कोड्याची रहस्यकथा तिच्या घराशी बांधलेली असते. ते घड्याळ, ती बंद खोली, तो चहाचा कप हलवला की कोडं मोडतं. पल्पमध्ये जे टिकतं ते म्हणजे एक आवाज. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखून असलेला, थकलेला, तरी तोंडाने तिखट असा एक माणूस आपल्याशी बोलत असतो. हा आवाज कुठेही नेता येतो. 1982 च्या 'ब्लेड रनर'ने तो भविष्यकाळात नेला. पाऊस तोच, निऑनचे दिवे तेच, फक्त पाठलाग यंत्रमानवांचा. 2001 सालच्या 'मॅक्स पेन' या गेममध्ये गोळ्या आपण झाडायच्या आणि निवेदन नायकाने करायचं. 1994 च्या 'पल्प फिक्शन' या सिनेमात घटना मागेपुढे सांगितल्या आहेत. त्याची तर माझ्या धंद्याच्या भाषेत व्याख्या करता येते. फर्मे उलटसुलट बांधलेलं पुस्तक! असं पुस्तक माझ्या हातून सुटलं असतं तर छापखान्याने मला घरी बसवलं असतं. तिथे मात्र कामगिरीवर निघालेले दोन मारेकरी गाडीत बर्गरबद्दल गप्पा मारतात, आणि लोकांच्या लक्षात राहतात त्या गप्पाच.

तर खुनी कोण ते विसरलात, ते बरंच झालं. पुस्तक पुन्हा वाचायला मोकळे झालात.

प्रश्न : सर, या कथांमध्ये बाई एकतर जाळं टाकणारी असते, नाहीतर प्रेत. मुखपृष्ठावर तर नेहमी फाटक्या कपड्यांत किंचाळत असते. तुम्हाला हे वाचताना काहीच वाटत नाही का?

वाटतं. पहिल्यांदा वाटलं नव्हतं, हेही कबूल करतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला जे खटकायला हवं ते खटकत नाही. आता पुन्हा वाचताना काही पानं मी भराभर उलटतो. 'त्या काळी असंच होतं' हे उत्तर मला पटत नाही, कारण त्याच काळी दुसरं लिहिणाऱ्याही होत्या. डोरोथी बी. ह्यूज यांची 'इन अ लोन्ली प्लेस' 1947 ची. आपण खुन्याच्याच डोक्यात बसलेलो असतो, आणि हळूहळू कळत जातं की त्याच्या भोवतालच्या दोन बायकांनी त्याला केव्हाच ओळखलंय. तो त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतो, तीच नजर या कादंबरीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली आहे. तुम्ही मांडलेली तक्रार त्या बाईंनी गोष्टीतूनच मांडून ठेवली होती.

आणि एक किस्सा. 'द बिग स्लीप'च्या पटकथेसाठी हॉक्सने एका नव्या लेखकाची गुन्हेकादंबरी वाचली आणि 'त्या ब्रॅकेट नावाच्या माणसाला बोलवा' म्हणून फर्मान काढलं. आल्या त्या ली ब्रॅकेट, तिशीच्या आतल्या. विल्यम फॉकनरच्या जोडीने त्यांनी ती पटकथा लिहिली. पुढे 1973 साली चँडलरच्याच 'द लाँग गुडबाय'ची पटकथाही त्यांचीच. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 1980 च्या चित्रपटाच्या पटकथालेखकांतही त्यांचं नाव आहे. तेव्हा 'कणखर पुरुषी भाषा' म्हणून जिचं कौतुक होतं, तिच्यातला बराच कणखरपणा कुणाच्या लेखणीचा, हे आधी तपासून घ्यावं.

मुखपृष्ठांचं मात्र समर्थन करणार नाही. कधी कधी चित्र आधी तयार असायचं आणि लेखकाला त्यावरून गोष्ट लिहावी लागायची. किंचाळणारी बाई आधी ठरायची, तिच्या किंचाळण्याचं कारण मागाहून.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? एकच नाव सांगा.

डॅशिएल हॅमेट, 'रेड हार्वेस्ट', 1929. आधी 'ब्लॅक मास्क'मध्ये चार हप्त्यांत आली. हॅमेटने पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेली, त्यामुळे पाळत ठेवणं हे किती कंटाळवाणं काम असतं हे त्याला पक्कं माहीत होतं. नायकाला नाव नाही. जाडा, बुटका, चाळिशीचा कंपनीचा माणूस. तो एका सडलेल्या गावात येतो आणि टोळ्यांना एकमेकींवर सोडतो. 'गावात आलेला उपरा' हा साचा नंतर किती सिनेमांत दिसला ते मोजत बसू नका, वाचायचं राहून जाईल. आणि हो, प्रेतं मोजायला जाऊ नका. मी मोजली होती, दोनदा, आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला.

प्रश्न : आमच्या घरी मूळ पल्प मासिकाचे दोन अंक आहेत. आतली पानं तपकिरी झाली असून हात लावला की कडा तुटतात. मुखपृष्ठ मात्र झकास. असं का? ते टिकवता येतील का?

नावातच कारण आहे. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा. फ्रँक मन्सी याने 1896 मध्ये 'आर्गोसी' हे आपलं मासिक अशा स्वस्त कागदावर काढायला घेतलं आणि त्या कागदाचंच नाव अख्ख्या जातीला चिकटलं. या लगद्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य काढलेलं नसतं, वर कागदात आम्ल. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग त्याचा भुगा. मुखपृष्ठ गुळगुळीत, चांगल्या कागदाचं, कारण विकायचं काम त्याच्याकडे होतं. मासिक टिकावं असंही कुणाच्या मनात नव्हतं. 'ब्लॅक मास्क' 1920 साली काढणारे मेंकेन आणि नेथन यांना आपलं दुसरं, उच्चभ्रू मासिक चालवायला पैसा हवा होता. काही महिन्यांतच 'ब्लॅक मास्क' विकून दोघे मोकळे झाले.

तुमचे अंक अंधाऱ्या, कोरड्या, थंड जागी आडवे ठेवा, आम्लरहित कागदाच्या वेष्टनात. चिकटपट्टी अजिबात लावू नका. पान उलटायचं तर खाली दुसरा हात धरा. आणि शेवटची पानं आहेत ना, तेवढं पाहून मला कळवा.