विषबाधेच्या वेळी सगळे अधिकार एकाच खात्याकडे द्यावेत का?

अन्नातून विषबाधेची मोठी घटना घडली की आरोग्य विभाग, अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस आपापल्या परीने धावतात. त्याऐवजी सगळे अधिकार एकाच खात्याकडे का देत नाहीत, असे आपण विचारले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, खाते एक केल्याने फारसे साधणार नाही. रुग्ण काय जेवला हे डॉक्टरला कळते, तो माल कोठून आला हे अन्न प्रशासन शोधू शकते. या दोन याद्या एका टेबलावर किती लवकर येतात, यावर सारे अवलंबून असते.

2011 च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकारामुळे रक्ताची हगवण आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचे रुग्ण झपाट्याने वाढले. तेथे साथीचा शोध रॉबर्ट कॉख संस्थेकडे, धोक्याचे मूल्यमापन दुसऱ्या संस्थेकडे, अन्न नियंत्रणाचे संयोजन तिसऱ्या केंद्रीय कार्यालयाकडे आणि प्रत्यक्ष तपासणी राज्यांकडे होती. 26 मे रोजी हॅम्बुर्गने स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवले, आणि 31 मे रोजी स्पष्ट झाले की काकडीवरचा जिवाणू रुग्णांमधला नव्हताच. दरम्यान स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल मात्र पडून राहिला. भाजी उत्पादकांना भरपाई देण्यासाठी युरोपीय संघाला पुढे 20 कोटी युरोंहून अधिक रक्कम काढावी लागली.

3 जूनला तिन्ही संस्था, बाधित राज्ये आणि युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण यांच्या तज्ज्ञांचे कृती दल बसले. रुग्णांना नुसते विचारून उलगडा होत नव्हता, कारण मोड आलेली कडधान्ये बहुधा सजावटीपुरती असत आणि आधीच्या पाहणीत जेमतेम चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना ती आठवली होती. मग शोधपथकाने एका उपाहारगृहातील पाहुण्यांच्या जेवणाची बिले आणि छायाचित्रे मिळवली, आणि कोणत्या पदार्थात काय पडते हे थेट आचाऱ्यालाच विचारले. दुसरीकडे मालाच्या पावत्यांचा उलटा माग काढला गेला, तेव्हा रुग्णांचे 41 समूह लोअर सॅक्सनीतील मोड काढणाऱ्या एकाच उत्पादकापाशी येऊन मिळाले. 10 जूनला तिन्ही संस्थांच्या प्रमुखांनी एकत्रितपणे जाहीर केले की कच्चे मोड खाऊ नयेत. पुढे संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर स्थिरावला. तोवर बरेच बळी गेले होते. जर्मनीत एकूण 53 जण दगावले. संस्था त्याच होत्या, अधिकारही तेच होते. आधी त्या वेगवेगळ्या बोलत होत्या, एवढाच फरक.

आपल्याकडे 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 35 मध्ये डॉक्टरांवर विषबाधेची खबर देण्याचे बंधन घालण्याची आणि कलम 34 मध्ये तातडीच्या मनाई आदेशाची तरतूद आहे. अडचण येते ती पहिल्या काही तासांत. एका लग्नघरी मी सलाइन लावण्यात गुंतलो होतो आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना निरोप गेला तो दुसऱ्या दिवशी. ते पोहोचले तेव्हा पातेली घासून पालथी घातलेली होती आणि उरलेले अन्न उकिरड्यावर होते. आमच्या आशाताईंनी तेवढा वरणाचा एक डबा झाकून बर्फात ठेवला होता. रीतसर नमुना चार भागांत घ्यावा लागतो, त्यामुळे न्यायालयात त्या डब्याला फारशी किंमत नव्हती. पण आजाराचे कारण शोधण्यासाठी आमच्या हाती दुसरे काहीच नव्हते.

म्हणून माझ्या केंद्रात मी पुढे एक साधा नियम केला: एकाच जेवणावळीतले तीन रुग्ण आले की पहिले सलाइन लावतानाच परिचारिकेने जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सहायक आयुक्त (अन्न) या दोघांना फोन करायचा, आणि पोलीस पाटलांना सांगून स्वयंपाकाची जागा जशीच्या तशी ठेवायची. दोन्ही क्रमांक औषधांच्या कपाटावर खडूने लिहिलेले असत.