"तुझं माझ्यावर प्रेम का आहे?" याचं उत्तर सुचत नसेल तर ते प्रेम खोटं असतं का?

तुम्ही लिहिलंय की जोडीदाराने हा प्रश्न विचारला, तुम्हाला काहीच सुचलं नाही आणि तेव्हापासून आपलंच प्रेम खोटं असावं असं वाटतंय. मला विचाराल तर अजिबात नाही.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये मोंतेन नावाचा लेखक होऊन गेला. त्याचा जिवलग मित्र १५६३ मध्ये वारला, वय अवघं ३२, आणि दोघांची मैत्री जेमतेम चार-पाच वर्षांची. १५८० मध्ये मोंतेनचे निबंध छापून आले तेव्हा मैत्रीवर लिहिताना त्याने एवढंच म्हटलं की तो मला का आवडायचा हे कितीही खोदून विचारलंत तरी सांगता येणार नाही. स्वतःच्या सवयी, भीती, दुखणी सगळ्यावर पानंच्या पानं लिहिणारा माणूस इथे अडला! पुढे १५८८ च्या आवृत्तीची स्वतःची प्रत घेऊन तो कडेच्या कोऱ्या जागेत हाताने भर घालत राहिला, आणि तिथे त्याने लिहिलं, कारण तो तो होता. मग वेगळ्या शाईत, कारण मी मी होतो. ती प्रत अजून बोर्दो शहरात जपून ठेवली आहे. मित्र जाऊन २५ वर्षं उलटली तरी हा त्याच प्रश्नापाशी परत येतोय, आणि आधी उत्तर मित्रात शोधतोय, आपणही त्या उत्तरात आहोत हे मागाहून सुचतंय, हे वाचून मला प्रत्येक वेळी भरून येतं.

लग्नाआधी मी वहीच्या शेवटच्या पानावर नवऱ्याबद्दल सात कारणं लिहिली होती, त्यात पहिलं होतं की तो खूप बोलतो, त्याच्याशी गप्पा कधी संपत नाहीत. मग त्याचे वडील गेले आणि तो जवळजवळ वर्षभर गप्पच झाला, विचारलं तेवढंच बोलायचा. त्या हिशोबाने माझं पहिलं कारण संपलं होतं ना? पण संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की हातातलं काम आपोआप थांबायचं, कान तिकडेच असायचे, ते काही त्या यादीत नव्हतं. आणि खरं सांगू, ती सात कारणं तशीच्या तशी दुसऱ्या कितीतरी माणसांना लागू पडली असती, त्यांच्यावर कुठे माझं प्रेम बसलं?

समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि ग्रंथाच्या त्याच भागात पढतमूर्खाची वेगळी सांगितली, म्हणजे शिकल्यासवरल्याचा मूर्खपणा निराळा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रेमाला पुरावे मागत बसणं मला त्यातलंच वाटतं, आणि तो आपण सगळे करतो.

त्यामुळे यादी करू नका. "माहीत नाही" म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका, जे रोज होतं ते सांगा. मागे नवऱ्याने मला हेच विचारलं तेव्हा मी म्हटलं, कारण नाही सांगता येत, पण तुझी किल्ली वाजली की माझं काम थांबतं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर किल्ली जरा जास्तच वेळ वाजत होती.