वेगवेगळ्या वयाच्या पेशंटचं फिजिकल असेसमेंट नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की हेड टू टो (डोक्यापासून पायापर्यंत तपासायची) चेकलिस्ट पाठ आहे, मॅनिकिनवर म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर सगळं जमतं, पण वॉर्डमध्ये एका बेडवर तान्हं बाळ आणि दुसऱ्या बेडवर ऐंशी वर्षांच्या आजी असल्या की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी स्टाफ नर्स आहे, विद्यार्थी माझ्याबरोबर ड्युटीला असतात, त्यामुळे हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक बॅचकडून ऐकते आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे.

माझं सरळ मत सांगते. वय बदललं की चेकलिस्ट बदलत नाही, दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे तपासायचा क्रम आणि दुसरं म्हणजे नॉर्मल कशाला म्हणायचं ते. या दोन गोष्टी डोक्यात बसल्या की बाकीचं सरावाने येतं.

आधी मोठ्या माणसाचं पक्कं करा कारण बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचंय. बघणं, हाताने चाचपणं, बोटांनी ठोकून आवाज घेणं आणि स्टेथोने ऐकणं, हा क्रम. पोटाला मात्र बघून झालं की लगेच ऐकायचं आणि हात सगळ्यात शेवटी, कारण आधी दाबलं की आतड्यांचे आवाज बदलू शकतात आणि दुखरी जागा पहिल्यांदाच दाबली गेली तर पेशंट पोट कडक करून घेतो, मग पुढचं काही नीट कळत नाही. नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०, आणि श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, नाडीवर बोट तसंच ठेवून छातीकडे बघत मोजा, सांगितलं की माणूस नकळत श्वासाचा वेग बदलतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं पण करताना निम्मे विद्यार्थी १५ सेकंद मोजून चारने गुणतात, तेही श्वास अनियमित असताना, ते करू नका, पूर्ण मिनिट मोजा.

आता तान्हं बाळ. इथे डोक्यापासून पायापर्यंत हा क्रम सोडून द्या. बाळ शांत आहे किंवा झोपलंय तोपर्यंत ज्याला शांतता लागते ते उरकून घ्यायचं, म्हणजे आधी लांबूनच श्वास मोजायचा, मग हृदयाचे ठोके, मग छाती, मग पोटाचे आवाज. कान, घसा, खुब्याचे सांधे असं ज्याने बाळ रडणार ते शेवटी. रडायला लागल्यावर घेतलेल्या नाडीचा आणि श्वासाचा फारसा उपयोग नाही, आणि घ्यावाच लागला तर चार्टवर 'रडत असताना' असं लिहा म्हणजे पुढच्या शिफ्टची सिस्टर घाबरणार नाही.

नवजात बाळाचे ठोके साधारण ११० ते १६० आणि श्वास ३० ते ६०. बाळाचा श्वास एका लयीत नसतो, थोडा वेळ भरभर, मग काही सेकंद थांबतो, मग परत सुरू, हे नॉर्मल आहे आणि म्हणूनच पूर्ण मिनिट मोजायचं. पण थांबणं २० सेकंदांच्या वर गेलं किंवा थांबताना बाळ निळसर पडलं, ढिलं पडलं, तर लगेच हाक मारायची, चार्ट नंतर. आकड्यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते बाळ श्वास घेताना किती कष्ट घेतंय ते. नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांखालची छाती आत ओढली जातेय का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का. यासाठी झबलं वर करावं लागतं, कपड्यावरून काही दिसत नाही. थोड्या मोठ्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे पाठच करा, खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलात २ महिने ते १ वर्ष मिनिटाला ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त.

टाळू बघायची ती बाळ शांत असताना आणि उभं किंवा बसतं धरून, कारण रडताना आणि आडवं असताना ती तशीही थोडी वर येते. शांत बाळाची टाळू फुगलेली आणि ताणलेली लागली तर डोक्यातला दाब वाढलाय का ही शंका, खोल गेलेली असली तर शरीरातलं पाणी कमी झालंय का ते बघा, लघवी किती वेळा झाली ते आईला विचारा. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत आणि पुढची साधारण १२ ते १८ महिन्यांत भरते. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात वजन १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि दहा ते चौदा दिवसांत परत भरून येतं, आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती दूध पुरत नाही म्हणून खचते. कावीळ मात्र पहिल्या २४ तासांत दिसली तर ती नॉर्मल कधीच धरायची नाही.

आणखी एक, लहान बाळाची नाडी मनगटावर शोधत बसू नका. दोन वर्षांच्या आत स्टेथो छातीवर ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजायचे, आणि साधारण सात वर्षांपर्यंत जागा बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, निपलच्या रेषेच्या किंचित बाहेर, त्यानंतर मोठ्यांसारखी पाचव्या फटीत. स्टेथोचा डायफ्रॅम (छातीला टेकवायची चकती) आणि स्वतःचा हात आधी गरम करा, थंड लागलं की बाळ दचकून रडलंच म्हणून समजा. आणि दचकलं तर तेही बघून ठेवा, दोन्ही हात सारखे उघडले का, एकच हात हलला का. हा मोरो रिफ्लेक्स चार ते सहा महिन्यांत जातो, त्यानंतरही राहिला तर डॉक्टरांना सांगायचं. पायाच्या तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जाणं हे मोठ्या माणसात मेंदूच्या किंवा मणक्यातल्या नसांच्या आजाराचं लक्षण, पण बाळात साधारण दोन वर्षांपर्यंत अगदी नॉर्मल. एकच खूण आणि वयाप्रमाणे अर्थ पूर्ण उलटा, नॉर्मल बदलतं म्हणते ते हेच.

एक ते तीन वर्षांची मुलं सगळ्यात कठीण. त्यांना बेडवर झोपवायचा हट्ट करू नका, आईच्या मांडीवरच बसू दे, आणि आईशी बोलत बोलत दोन मिनिटं फक्त बघा, चालतं कसं, खेळणं कोणत्या हाताने घेतं, श्वास कसा आहे, आईच्या डोळ्यात बघतं का, अर्धं असेसमेंट तिथेच होतं. स्टेथो हातात द्या, आधी बाहुलीला लावा, आईला लावा, मग त्याला. 'तपासू का?' असं विचारायचं नाही कारण उत्तर 'नाही' येणार आणि मग तुम्ही त्याचं ऐकलं नाही असं होणार, त्यापेक्षा 'आधी पोट ऐकू की पाठ?' असं विचारा, दोन्ही चालणारं असेल तेच पर्याय द्या. कान बघताना तीन वर्षांच्या आत पाळी खाली आणि मागे ओढायची, त्यापेक्षा मोठ्यांना वर आणि मागे, हे व्हायव्हात हमखास विचारतात. वजन किलोमध्ये आणि त्याच दिवशीचं घ्या, मुलांचे बहुतेक डोस वजनावर काढतात, अंदाजाने लिहिलेलं वजन धोकादायक आहे. दोन वर्षांच्या आत उंची झोपवून मोजतात, नंतर उभं करून.

चार-पाच वर्षांच्या मुलाला शरीराला इजा होईल याची फार भीती असते म्हणून 'कापणं', 'काढून घेणं' असले शब्द त्याच्यासमोर नकोत. शाळेत जाणारी मुलं त्यामानाने सोपी, कशाने काय कळतं ते सांगितलं की स्वतःच हात पुढे करतात, फक्त त्यांना लाज वाटते हे विसरू नका.

बीपीबद्दल वेगळं सांगते कारण इथे वय आणि अंगकाठी दोन्ही येतात. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. कफ लहान पडला तर बीपी खोटं जास्त येतं, मोठा झाला तर खोटं कमी. वॉर्डमध्ये एकच कफ सगळ्यांना गुंडाळलेला दिसला तर मागून दुसरा आणा, आळस करू नका. १ ते १० वर्षांच्या मुलात वरचं बीपी किमान ७० अधिक वयाची दुप्पट एवढं असायलाच हवं, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला ८०. पण मुलांमध्ये बीपी सगळ्यात शेवटी पडतं, त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, नख दाबून सोडल्यावर रंग यायला उशीर होतो. बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

किशोरवयीन मुलामुलींमध्ये तपासणी मोठ्यांसारखीच, डोक्यापासून पायापर्यंत, पण पडदा ओढा, जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा ठेवा आणि थोडा वेळ तरी पालकांना बाहेर थांबायला सांगा. घर, शिक्षण, मित्रमैत्रिणी, नशा, लैंगिक संबंध, मनात जीव द्यायचे विचार येतात का, हे आईवडिलांसमोर कुणी सांगत नाही. मात्र आधीच स्पष्ट करा की तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला ते वर सांगावं लागेल. खोटं वचन देऊन काढलेली माहिती मला अजिबात पटत नाही.

आता म्हातारी माणसं, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण वृद्धांचं असेसमेंट घाईत उरकलं जातं. पहिली गोष्ट, चष्मा आणि कानाचं मशीन लावलंय का ते बघा, मगच 'आज वार कोणता' वगैरे प्रश्न विचारा. ऐकूच न आल्यामुळे गप्प बसलेल्या माणसाला 'कन्फ्यूज्ड' लिहून टाकणं हा अन्याय आहे. समोर, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असं बसून, खालच्या पट्टीत हळू बोला, किंचाळून नाही, वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात त्यामुळे किंचाळल्याने उलट कमी कळतं.

वृद्धांमध्ये मोठं इन्फेक्शन असूनही ताप नसू शकतो. निमोनियाचं किंवा लघवीच्या इन्फेक्शनचं पहिलं लक्षण नुसता गोंधळ, जेवण सोडणं किंवा पडणं असू शकतं. म्हणून घरच्यांना विचारायचा माझा ठरलेला प्रश्न म्हणजे 'परवापर्यंत हे कसे होते?' अचानक एक-दोन दिवसांत बदललं असेल तर ते म्हातारपण नाही, तो डेलिरियम (आजारामुळे अचानक आलेला मानसिक गोंधळ) असू शकतो आणि त्याचं कारण शोधायला लागतं. जास्त बडबड आणि आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो, गुपचूप झोपून राहणारा निसटतो.

पाणी कमी झालंय का बघायला हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरू नका, वयाने ती तशीच सैल असते, छातीच्या मधल्या हाडावर किंवा कॉलरबोनखाली बघा आणि जीभ, तोंड कोरडं आहे का ते बघा. पाठीवरून फुप्फुसं ऐकताना खालून सुरू करा, थकलेला पेशंट चारपाच खोल श्वासांत दमतो आणि गरगरतं, आणि निमोनियाचे किंवा पाणी साठल्याचे बारीक करकर आवाज बहुतेक वेळा तळाशीच सापडतात. झोपून असलेल्या पेशंटची सूज पायावर नाही तर माकडहाडाजवळ सापडते, तिथे बोटाने दाबून खळगा पडतो का बघा, आणि त्याच वेळी कातडी बघून घ्या. दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली म्हणजे बेडसोरची सुरुवात. सावळ्या कातडीवर ही लाली दिसत नाही, हाताच्या पाठीने आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखं मऊ लागतंय का ते बघा. टाचा उचलून बघा, मोजे काढून बघा. आळस येतो, तरी काढाच.

उठवायच्या आधी पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांना परत. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर हा पेशंट बाथरूमला एकटा जाणार नाही हे सगळ्या स्टाफला कळलं पाहिजे. हे करताना शेजारीच उभे राहा, चक्कर आली तर धरायला.

दुखण्याचं मोजमापही वयाप्रमाणे बदलतं. दोन महिने ते सात वर्षं चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात, तीन वर्षांच्या पुढे चेहऱ्यांची चित्रं दाखवता येतात, साधारण आठच्या पुढे ० ते १० आकडा. डिमेन्शियाच्या पेशंटला आकडा विचारून उपयोग नाही, कूस बदलताना त्यांचा चेहरा आणि श्वास बघा.

सरावासाठी एकच सुचवते. प्रत्येक ड्युटीला एक लहान, एक मोठा आणि एक म्हातारा पेशंट निवडा, परवानगी घ्या, आणि हात न लावता मिनिटभर बघून जे दिसलं ते डायरीत लिहा, मग तपासा आणि काय निसटलं ते ताडून बघा. चार्टवर नुसतं 'नॉर्मल' लिहू नका, 'शांत असताना श्वास ३८, छाती आत ओढली जात नाही, ओठ गुलाबी' असं लिहा, म्हणजे दोन तासांनी श्वास ५२ झाला तर पुढच्या सिस्टरला बदल लगेच दिसेल.